साहित्य आणि कृती

'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण आपण उपदेशाच्या अधिकाराविषयी वापरतो. सांगणारा अधिकारी असेल तरच सांगणे लागू पडते, एवढाच अर्थ तिच्यात आता उरला आहे. पण म्हण शब्दशः घेतली तर तिच्यात एक जुनी समजूत दिसते: अंगात टोकदार वस्तू शिरवायची असेल तर ती सरावाच्या, परक्या हाताने शिरवावी. टोचणारा एक आणि टोचून घेणारा दुसरा. कान टोचणारा सोनार, गोंदणारी बाई, देवी टोचणारा सरकारी माणूस आणि गेल्या शतकात इंजेक्शन 'मारणारा' कंपाऊंडर ही सारी त्या परक्या हाताचीच रूपे होत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात ही लस लागू पडलेली ती पहिली व्यक्ती. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांच्या दंडावर देवीचे व्रण राहिले, रोगाचे, देवतेचे आणि लशीचे नाव भाषेने एकच ठेवले. पण टोचणारा हात कधी स्वतःचा नव्हता.

ही विभागणी प्रथम मोडली ती मधुमेह्यांनी. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले, आणि रोज टोचाव्या लागणाऱ्या औषधासाठी रोज डॉक्टर कुठून आणायचा या साध्या अडचणीतून सुई रुग्णाच्या हाती आली. परंतु इन्सुलिन चुकले तर शरीर जाब विचारते. २०१५ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळालेल्या इव्होलोक्युमॅब आणि ॲलिरोक्युमॅब या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या दोन औषधांनी निराळाच रुग्ण निर्माण केला. त्याला काही दुखत नाही. टोचल्यावर त्याला काही बरेही वाटत नाही. तरी दर दोन आठवड्यांनी तो घरी बसून आपल्याच पोटात किंवा मांडीत सुई शिरवतो. हा लेख त्याच्याविषयी, किंबहुना त्याच्यासाठी मराठीत लिहिल्या न गेलेल्या गद्याविषयी आहे.

औषधाचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे. यकृताच्या पेशींवर काही ग्राहके असतात. रक्तातून वाहणारे एलडीएलचे कण ती पकडतात आणि पेशीत ओढून घेतात. (या शोधाबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिन ही ग्राहके नष्ट करवते. ज्यांच्यात ते जन्मतःच अधिक जोमाने काम करते अशी फ्रेंच कुटुंबे २००३ मध्ये उजेडात आली. त्या घरांत कोलेस्टेरॉल पिढीजात वाढलेले होते. पाठोपाठ अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांना नेमकी उलटी माणसे सापडली: हे प्रथिन जन्मतःच लुळे, एलडीएल कमी आणि हृदयविकार क्वचित. निसर्गाने त्या थोड्या लोकांना जे फुकट दिले त्याची नक्कल म्हणजे ही औषधे. ती प्रतिपिंडे आहेत, म्हणजे स्वतःही प्रथिनेच. गिळली तर पोटात पचून जातील. म्हणून सुई. बहुसंख्य रुग्णांचे काम स्टॅटिनच्या स्वस्त गोळीने भागते, आणि जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून शोधलेल्या त्या औषधकुळाची थोरवी या नव्या औषधांनी उणावत नाही. सुईची पाळी येते ती गोळ्या पुऱ्या न पडणाऱ्यांवर किंवा न सोसणाऱ्यांवर, आणि विशेषतः वाढलेले कोलेस्टेरॉल वारशाने मिळालेल्यांवर. असा वारसा जगात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला असतो.

येथपर्यंत भाषेचे काम निभावते. अडते ते यानंतर. कोलेस्टेरॉलला आपण बोलताना 'रक्तातली चरबी' म्हणतो. शास्त्रदृष्ट्या हे सैल आहे, पण आमचा आक्षेप शास्त्राचा नाही. मराठीत चरबी हा पदार्थ नाही, तो आरोप आहे. चरबी 'चढते', आणि चढली की माणूस उद्धट झाला असे समजतात. 'उतरवायची' असते ती दुसऱ्याची चरबी, बहुधा चार लोकांत. तेव्हा 'तुमच्या रक्तात चरबी वाढली आहे' या वाक्यात निदानासोबत निवाडाही येतो: खाल्लेस, बसून राहिलास, माजलास, भोग. ज्याला वडिलांकडून सदोष जनुक मिळाले आहे अशा सडपातळ, कष्टाळू माणसालाही हाच निवाडा ऐकावा लागतो. परिभाषाकोशातील 'मेद' या शब्दाला हा डाग नाही, पण तो घरात कोणी बोलत नाही. आमच्या मते 'कोलेस्टेरॉल' हाच शब्द ठेवावा. परका असल्यामुळे तो निदान कोणाला दोष देत नाही. शुद्धीच्या कैवाऱ्यांना हे रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे.

आता खारबाव. दिवा–वसई लोहमार्गावर भिवंडी रोड आणि कामण रोड यांच्या दरम्यानचे हे स्थानक. दिवसाकाठी थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, सभोवती भातखाचरांच्या जागी उठलेली गोदामे, आणि रस्त्यावर त्या गोदामांकडे जाणारे ट्रक. येथील आमच्या परिचयाच्या एका घरी हा विधी आम्ही पाहिला. गृहस्थ पन्नाशीच्या आतले, अंगाने किडकिडीत. त्यांचे वडील पंचेचाळिशीही न गाठता हृदयविकाराने गेलेले. पहिली मात्रा दवाखान्यात परिचारिकेने टोचली होती. दुसरी घरी, स्वतः. औषधाचे पेन शीतकपाटात कोळंबीच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेले. टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचे, गरम करायचे नाही, हलवायचे नाही. हे सारे घरातली बारावीतली मुलगी डब्यातल्या पत्रकावरून सांगत होती. पत्रक इंग्रजीत होते.

आजींचे म्हणणे वेगळे. "अरे, दवाखान्यात सिस्टर आहे ना, तिच्याकडून मारून घे. आपल्या हाताने आपल्याला कोण टोचतं?" मुलगा म्हणाला, "आई, दर पंधरा दिवसांनी गोदामातून सुट्टी कोण देणार?" त्यावर आजी काही बोलल्या नाहीत, जपमाळ घेऊन आत गेल्या.

मग मुलीने वाचून सांगितले, "बाबा, पोटाचा चिमटा घ्या." वडिलांनी आज्ञाधारकपणे नखांत कातडी धरून चिमटा काढला आणि ओरडले. "तसा नाही, चिमटीत धरा. नुसतं धरून ठेवा." चिमटा घेणे आणि चिमटीत धरणे यांत मराठीत जमीनअस्मानाचे अंतर आहे; इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. पुढची अडचण याहून गंभीर निघाली. या पेनाला दोन प्रकारे दाबावे लागते. आधी ते कातडीवर काटकोनात टेकवून घट्ट दाबून धरायचे, आणि मग वरचे बटण दाबायचे. मुलीने दोन्ही ठिकाणी 'दाबा' म्हटले. वडिलांनी पेन नीट टेकण्याआधीच अंगठा बटणावर नेला. वेळीच तिने हात धरला म्हणून बरे. नाहीतर टोचणे चुकले असते, आणि त्या औषधाची किंमत खारबावातच काय, ठाण्यातही पगारदार माणसाला सोसणारी नाही. पुढे सारे सुरळीत झाले: 'टक्' असा आवाज, पंधरा सेकंदांचे थांबणे, खिडकीतला रंग बदलला याची खात्री, मग पेन सरळ वर उचलणे. कातडीवर रक्ताचा एक ठिपका. "झालं?" असे त्यांनी विचारले, कारण झाल्याची कोणतीच खूण शरीरात नव्हती.

सतरा वर्षांची ती मुलगी त्या अर्ध्या तासात जे करत होती ते भाषांतर होते, आणि चुकले तर महाग पडणारे भाषांतर होते. मराठीच्या अभ्यासकांनी या घटनेकडे पाहावे असे आम्हांस वाटते. कारण आपण भाषांतराच्या चर्चासत्रांत कवितेतले अनुवादातीत काय ते शोधत बसतो, आणि 'दाबा' या एका क्रियापदाचे दोन अर्थ कसे वेगळे करावेत हा प्रश्न एका शाळकरी मुलीवर सोपवून मोकळे होतो.

कोणी म्हणेल, मराठी पत्रक काढणे ही कंपनीची जबाबदारी. यात साहित्याचा संबंध काय? संबंध असा, की उद्या असे पत्रक निघाले तर ते कोणत्या मराठीत असेल हे आम्ही आजच सांगू शकतो. यंत्रांच्या आणि विम्याच्या कागदांवर ती मराठी आपण रोज वाचतो. 'इंजेक्शन साइट स्वच्छ असल्याचे सुनिश्चित करा', 'आपल्या आरोग्यसेवा प्रदात्याशी सल्लामसलत करा', या धर्तीची. (उदाहरणे आमची, धर्त सर्वत्र आढळते.) 'सुनिश्चित करा' हे मराठी माणूस तोंडाने कधीच म्हणत नाही, तो 'बघून घ्या' म्हणतो. 'आरोग्यसेवा प्रदाता' खारबावात राहत नाही. तेथे डॉक्टर, सिस्टर आणि केमिस्ट राहतात. या मराठीत व्याकरणाची चूक सहसा नसते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करणे अवघड असते. तिच्यात हात नसतो. लिहिणाऱ्याने ते पेन कधी हाती धरलेले नाही, हे प्रत्येक वाक्यातून कळते.

याच्या उलट जे गद्य आहे ते आपल्या घराघरांतल्या स्वयंपाकघरात पडून आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले. आपण ते साहित्याच्या इतिहासात धरत नाही, जरी त्यातील प्रत्येक पदार्थाची सुरुवात 'साहित्य' या शब्दाने होते. (या विनोदाला आता कोणी हसत नाही, तरी त्यात तथ्य आहे.) कमलाबाईंनी ग्रॅम आणि औंस यांच्याऐवजी वाटी आणि चमचा ही मापे घेतली, कारण वाचणारीच्या हाती तेच होते. हा केवळ मापांचा बदल नव्हता. आपला वाचक कोणत्या खोलीत उभा आहे, त्याच्या हाताशी काय आहे, कोणत्या क्षणी तो गोंधळेल, हे लेखकाने आधी पाहून घेतलेले असणे, याला आम्ही गद्यशैली म्हणतो. समीक्षेची पुस्तके ज्याला 'निवेदकाचे भान' म्हणतात ते याहून फारसे निराळे नसावे.

शिवाय मराठीच्या व्याकरणात या कामासाठी आयते साधन आहे: विध्यर्थ. 'झाकण सरळ ओढून काढावे. काढल्यावर पुन्हा लावू नये.' यात आज्ञेचा दरारा नाही आणि 'कृपया'ची लाचारीही नाही. 'काढा' म्हणणारा कोणीतरी समोर उभा असतो, वयाने किंवा पदाने मोठा. 'काढावे' म्हणणारा तुमच्या शेजारी, त्याच ओट्यापाशी असतो. पाककृतींनी, पंचांगांनी, आजीबाईच्या बटव्याने हेच रूप वापरले ते उगाच नव्हे. त्यातून स्वतःला टोचायचे असता सांगणारा आणि करणारा एकाच देहात वसतात, आणि त्या परिस्थितीला विध्यर्थाइतके जवळचे रूप दुसरे नाही.

क्रियापदांकडेही पाहण्यासारखे आहे. संस्कृतात क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते की दुसऱ्याकडे यावरून आत्मनेपद आणि परस्मैपद असा भेद होता. मराठीत ते प्रत्यय राहिले नाहीत, पण 'घेणे' आणि 'देणे' ही सहायक क्रियापदे तेच काम करतात: करून देतो, करून घेतो. मात्र 'टोचून घेतले' म्हटले की दोन अर्थ निघतात, दुसऱ्याकडून किंवा स्वतःच. आजवर या संदिग्धतेने कोणाचे अडले नव्हते, कारण दुसरी शक्यता व्यवहारातच नव्हती. आता आली आहे. खारबावच्या आजींनी 'मारून घे' म्हटले तेव्हा त्यांच्या 'घे'मध्ये परिचारिका गृहीत होती. मुलाने दोन दिवसांनी फोनवर कोणाला तरी 'टोचून घेतलं' सांगितले तेव्हा ती नव्हती. भाषा बदलते ती अशी, शब्द न बदलता. एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला येथे शोधनिबंधाचा विषय आहे.

मराठीला शरीराविषयी सरळ लिहिता येत नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. ती खरी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' चालवले. ज्या अवयवांची नावे त्या काळी छापणे गुन्हा ठरू शकत होते, आणि त्यांच्यावर खटले भरलेही गेले, त्या अवयवांविषयी त्यांनी कोरड्या, निःसंकोच, अचूक मराठीत लिहिले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते, हे अनेकांना ठाऊक असते. कर्व्यांचे गद्य मात्र थोडेच वाचतात. तेव्हा उणीव भाषेच्या ताकदीची नाही. आम्ही, म्हणजे मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी, या गद्याला गद्य मानणे सोडून दिले, इतकेच झाले आहे.

आमच्या मित्रांनी दोन आक्षेप घेतले ते नोंदवायला हवेत. पहिला, हे औषध घेणारे मूठभर. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? दुसरा, आता सारे चित्रफितींत पाहता येते, वाचतो कोण?

पहिल्याला उत्तर असे, की घरात येणारी सुई ही एकाच औषधाची गोष्ट नाही. इन्सुलिन आहेच, वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शने आली आहेत, सांधेदुखीची आणि सोरायसिसची आली आहेत. आजचे मूठभर उद्या मूठभर राहतील असे समजण्याचे कारण नाही. (इन्क्लिसिरान हे याच वर्गातले नंतरचे औषध, सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच आणि तेही वैद्यकीय व्यक्तीकडून टोचायचे असते; म्हणजे सोनार पूर्णपणे निवृत्त झालेला नाही.) दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रफीत हात कसा धरायचा ते खरोखरच चांगले दाखवते. पण 'एक मात्रा विसरलो तर काय', 'वीज गेली आणि शीतकपाट दहा तास बंद राहिले तर काय', 'टोचलेली जागा लाल झाली तर कधी घाबरावे' हे प्रश्न रात्री अकराला पडतात, आणि त्यांची उत्तरे अशा गद्यातच मिळतात ज्यात मागे-पुढे जाऊन नेमकी ओळ शोधता येते.

शिवाय चित्रफितीला एक गोष्ट मुळीच जमत नाही: का टोचायचे ते सांगणे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इव्होलोक्युमॅबच्या मोठ्या चाचणीत २७,५६४ रुग्ण होते, सारे आधीच स्टॅटिन घेणारे. एलडीएलचा मध्यांक ९२ वरून ३० वर आला. सुमारे दोन वर्षांच्या काळात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू अशा घटनांपैकी एखादी घडण्याचे प्रमाण साध्या सुईच्या गटात ११.३ टक्के होते, औषधाच्या गटात ९.८ टक्के. म्हणजे शंभरांत दीड माणूस वाचला. आणि त्या काळात केवळ हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत फरक दिसला नाही. हे यश आहे की नाही? वैद्यकाच्या हिशेबात आहे, लहान नाही. पण तो दीड माणूस कोण, हे कोणालाच, खुद्द त्यालाही, कधी कळणार नाही. न आलेल्या झटक्याला तारीख नसते. आपल्या आजारपणाच्या साऱ्या कथा दुखण्यापासून सुरू होतात आणि बरे होण्याने किंवा मरणाने संपतात. येथे आरंभही नाही आणि शेवटही नाही, केवळ दर दोन आठवड्यांनी एक ठिपका. अशा माणसाला 'तुम्ही हे का करता आहात' हे न घाबरवता आणि न फसवता सांगणारा एक परिच्छेद लिहिणे, हे कथा लिहिण्याइतकेच कठीण काम आहे असे आमचे मत आहे.

वापरलेल्या सुईचा विषय राहिला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ओल्या-सुक्यात त्या टाकायच्या नव्हत्या. व्यवहारात त्या कुठे जातात हे गोळा करणाऱ्याचा हात सांगतो. इंग्रजीत या सुयांच्या डब्याला नाव आहे, मराठीत नाही. त्या घरी जाड प्लास्टिकची एक बाटली होती आणि तिच्यावर मुलीने काळ्या शाईने लिहिले होते: 'सुया आहेत. हात घालू नये.' त्या दिवशी आमच्या पाहण्यात आलेले हे एकमेव निर्दोष मराठी वाक्य.

२०२० पासून बारावीला आलेल्या 'युवकभारती'च्या पुस्तकात उपयोजित मराठीच्या विभागात मुलाखत, अहवाल, वृत्तलेख यांच्या जोडीला 'माहितीपत्रक' आहे. म्हणजे राज्याने ही गोष्ट मराठीच्या वर्गात आणून ठेवली आहे. वर्गात मात्र पत्रके होतात ती सहलीची, हस्तकलेच्या प्रदर्शनाची, कल्पित महाविद्यालयाची. गुण मिळतात आकर्षक मांडणीला आणि घोषवाक्याला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हापासून निघालेल्या चर्चांत ताम्रपट आणि गाथासप्तशती यांना जितकी जागा मिळाली तिचा दशांशही या उपयोजित भागाला मिळाला नाही. आमची सूचना लहान आहे. एखाद्या शिक्षकाने या वर्षी विद्यार्थ्यांपुढे सरावासाठी मिळणारे, सुई नसलेले एक पेन ठेवावे, त्याची कृती दीडशे शब्दांत लिहायला सांगावी, आणि मग ती दुसऱ्या तुकडीतल्या अशा मुलाला वाचायला द्यावी ज्याने ते पेन कधी पाहिलेले नाही. त्याने ते बरोबर चालवले तर पूर्ण गुण. 'दाबा' आणि 'दाबून धरा' यांतला फरक कोणी नीट लिहिला तर तो मजकूर आम्हांसही वाचायला आवडेल.